एकट्याचा आल्बम आणि तिवारीचा जनरेटर

उज्जैनला माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे आधी हसतात आणि मग विचारतात, "तिथे काय रेकॉर्ड करायचात? घंटा?" हो, घंटाही केल्या. शंख केले, डमरू केले, उमेदवारांची खोकत खोकत केलेली भाषणं केली. "बहनों और भाइयों, आ गई, आ गई, आपके शहर में आ गई" हे तर इतक्या सेलांसाठी केलं की दारात दूधवाला आला तरी माझी बायको सुनंदा त्याच सुरात आत वर्दी द्यायची.

फ्रीगंजमध्ये टावर चौकापासून थोडं आत आमचं घर. त्याच्या वरच्या मजल्यावरची मागची खोली म्हणजे स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यांवर पोती आणि पोती दिसू नयेत म्हणून सासूबाईंच्या साड्यांचे पडदे. दाराबाहेर एक लाल बल्ब. तो पेटला की घरात कुणी जिना चढायचा नाही, कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, म्हणून आडनाव चिटणीस. त्यांनी दुसऱ्यांचं म्हणणं कागदावर उतरवलं, मी टेपवर उतरवलं. पिढीजात धंदा सोडला असं मला कोणी म्हणू शकत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रेकॉर्डिंग म्हणजे बटण दाबायचं. बटण दाबणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. माझ्याकडे चार ट्रॅकचं एक जुनं विलायती मशीन होतं, इंदूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं. चार ट्रॅक म्हणजे एकाच टेपवर शेजारी शेजारी चार पट्ट्या. एका पट्टीवर तबला भरायचा, तो ऐकत दुसरीवर पेटी भरायची, मग कोरस, आणि चौथ्या पट्टीवर मुख्य गायक. चारही भरल्या की जागा संपली. आणखी काही हवं असेल तर चारांतलं एक पुसायचं, आणि पुसलेलं परत येत नाही. या एका वाक्यावर माझ्या स्टुडिओत लोक रडलेले आहेत.

दुसरी भानगड विजेची. ही जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या मशीनची मोटर विजेच्या ठोक्यांवर फिरायची. घरातली वीज सेकंदाला पन्नास ठोके देते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणारा कधी हिवाळ्यात माळव्यात आलेला नसणार. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत गावोगावचे पंप एकदम सुरू झाले की विजेचा दम जायचा, ठोके मंदावायचे आणि माझं मशीन हळू फिरायचं. दिवा मिणमिणला तर सगळ्यांना दिसतो, पण मशीन हळू झालेलं कुणाला दिसत नाही. हळू मशीनवर भरलेलं गाणं हळू मशीनवरच ऐकलं तर ठीक वाटतं. तीच टेप उन्हाळ्यात, विजेचा दम परत आल्यावर लावली की गाणं पळायला लागतं आणि सूर चढतो.

एक माताजी होत्या, भजनं गायच्या. आवाज भरदार, म्हणजे माझ्या माइकचा जीव जाईल इतका. थंडीत त्यांची भजनं भरली आणि कॅसेटी उतरवून घ्यायला त्या आल्या वैशाखात. टेप लावली तर मशीनमधून एक कोवळी मुलगी गायला लागली. मी घाईघाईने म्हटलं, "माताजी, जरा रुको, अभी ठीक करता हूँ." त्या डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "खबरदार. येईच रखना." तीच कॅसेट मग बरीच वर्षं देवळाबाहेरच्या दुकानांत विकली गेली आणि माताजी प्रत्यक्ष गायला बसल्या की भक्त हिरमुसायचे.

असे घोळ टाळायला माझा एक नियम होता. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला मी पेटीचा एक सूर भरून ठेवायचो. पुढे कधीही टेप लावली की तो सूर आणि टेबलावरच्या पेटीचा सूर ताडून पाहायचे. जमले तर पुढे जायचं, नाहीतर संध्याकाळची वाट पाहायची. सगळीकडे दिवे लागले की वीज पुन्हा उतरायची. मुंबईच्या मोठ्या स्टुडिओंत यासाठी यंत्रं असतात म्हणे. आमच्याकडे पेटी आणि संध्याकाळ होती.

विशू पागे माझ्याकडे आला तेव्हा बाजार नुकता खुला झाला होता. गच्ची-गच्चीवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि कुठल्याशा गावचा कोणी पोरगा एका कॅसेटवर देशभर गाजला अशा गोष्टी पानाच्या दुकानावर ऐकू यायच्या. विशूचे वडील बँकेत, बदलीवर आले आणि इथलेच झाले. पोरगा गुणी, केस खांद्यापर्यंत, त्यामुळे हळदीकुंकवाच्या बायकांना त्याची फार काळजी. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. इंदूर-उज्जैनच्या पोरांचा एक रॉक बँड होता, नाव इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर काळी माती. विशू त्यांचा गिटारवाला आणि गायचा तो अनिल तिवारी. तिवारीचे वडील देवास गेटला टेंट हाउस चालवायचे. मांडव, खुर्च्या, बरातीचे दिवे, जनरेटर, सगळं. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत या दोघांसाठी पोरं बाकांवर उभी राहायची.

बँड फुटला तो लग्नांवरून. तिवारी म्हणाला, टेंट आपला, गिऱ्हाईक आपलं, लग्नांत सिनेमाची गाणी वाजवू, बाकी आपली गाणी वाजवत राहूच. विशू म्हणाला, मी बरातीत वाजवणार नाही. हे भांडण घरात झालं असतं तर मिटलं असतं. झालं ते इंदूरच्या एका कॉलेजात, स्टेजवर, माइक चालू असताना. तिवारी माइकवरच म्हणाला, "जा ना फिर, अकेला बजा के दिखा!" विशूने गिटारची वायर उपसली आणि गिटार घेऊन भरल्या सभागृहातून चालत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट उज्जैनला पोचली आणि टावर चौकात जो तो त्याला विचारायला लागला, "क्यों भिया, अकेले कब बजा रिये हो?"

तो माझ्याकडे आला तो हे तोंडं बंद करायला. "काका, पूरा आल्बम एकट्याचा राहील. गिटार मी, बेस मी, तालाचं मशीन मी. गाणारा कोणीच नाही."

"आणि लोक ऐकतील?"

"तेच तर बघायचं आहे मला."

मी सवयीने पेटी पुढे ओढली. तो दचकलाच. "ही आधी हटवा इथून. भजनांचा आल्बम नाही होऊन राहिला हा."

"अरे, टेपच्या सुरुवातीला एक सूर फक्त."

"एकही नको. माझ्या टेपवर पेटी नको म्हणजे नको."

गिऱ्हाइकाशी वाद घालणारा मी नव्हे. पेटी खाली सुनंदाकडे गेली. तो आपली एक छोटी शिटी फुंकून तारा लावायचा आणि आम्ही काम सुरू करायचो. सगळी थंडी आम्ही दुपारी दुपारी बसलो. एकेक पट्टी भरून झाली की तो डोळे मिटून ऐकायचा आणि बहुतेक वेळा म्हणायचा, "पुन्हा." इतकं 'पुन्हा' म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला वैताग यायचा आणि अभिमानही वाटायचा. एक सोडून सगळ्या रचना पूर्ण झाल्या, साध्या कॅसेटवर उतरवूनही झाल्या.

राहिली ती शेवटची. ती चाल बँडच्या दिवसांतली, विशूनेच बांधलेली, पण पोरांना ती माहीत होती तिवारीच्या आवाजात. आता त्या आवाजाच्या जागी गिटार गाणार होती. तीन पट्ट्या झटकन भरल्या. चौथी भरेना. तो वाजवायचा, थांबायचा, गिटार खाली ठेवायचा. एकदा म्हणाला, "बोटं माझी आहेत काका, पण गाऊन तोच राहिला आहे." आणि उठून गेला. थंडी संपली, होळी गेली, रंगपंचमी गेली, चौथी पट्टी कोरीच.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीच्या शेठजींना त्याने आधीच्या रचना ऐकायला पाठवल्या होत्या. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. आमच्या गावाचं एक बरं आहे, मोठ्या माणसांना भेटायला जावं लागत नाही. महाकाल त्यांना बोलावून घेतो. शेठजी म्हणाले, "आखातीज को दर्शन के लिए आ रहे हैं. बिना पूछे मुहूर्त का दिन है. माल पूरा होगा तो वहीं नारियल फोड़ देंगे. अधूरा हो तो हमको सुनाना मत."

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी विशू आला. चेहऱ्यावरून दिसत होतं, आज होणार. मी टेप चढवली. त्याने शिटी फुंकून तारा लावल्या, हेडफोन घातला आणि पहिल्याच सुराला थांबला. तारा थोड्या चढवल्या. आणखी थोड्या. तिसऱ्यांदा खुंटी पिळली आणि पहिली तार फाट्कन तुटून त्याच्या गालाला लागली.

"काका, हे काय आहे? हे माझं नाही."

मला कळलं होतं. गव्हाचं पाणी केव्हाच संपलं होतं, कापणीही झाली होती, गावोगावचे पंप गप्प होते. विजेचा दम परत आला होता आणि थंडीत भरलेल्या तीन पट्ट्या पळत सुटल्या होत्या. त्याच्या पिशवीत ती तार आणखी एकच होती, मुंबईहून मागवलेली. उज्जैनमध्ये सतारीच्या तारा मिळायच्या, याच्या नाही.

विशू खाली मान घालून म्हणाला, "काका, पेटी कुठे आहे?"

पेटी वर आली. रचना गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर सुरू व्हायची. ती तार म्हणजे पेटीची पांढरी तीन. टेप वाजत होती पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मध्ये कुठेतरी, जिथे पेटीला पट्टीच नसते. त्या अधल्यामधल्या सुराला गिटार चढवायची म्हणजे शेवटची तारही गेली असती. मशीन वेगाने फिरवायची एक युक्ती आम्हाला ठाऊक होती, फिरत्या दांडीला चिकटपट्टी गुंडाळायची. मशीन हळू करायची युक्ती कुणालाच ठाऊक नव्हती.

"संध्याकाळी उतरेल," मी म्हटलं. संध्याकाळी लाइटच गेली. आम्ही जिन्यावर बसून राहिलो. लाइट आली तेव्हा आख्खं फ्रीगंज झोपलं होतं आणि वीज पुन्हा तरणीताठी.

आखातीजेला सकाळी चहा पिताना मला सुचलं. विजेचे ठोके आपल्या हातात नाहीत, पण जनरेटरचे आहेत. बरातीच्या दिव्यांचा जो जनरेटर हातगाडीवरून जातो, त्याला रेस असते, स्कूटरसारखी पिळायची मूठ. रेस कमी केली की इंजिन हळू, इंजिन हळू की ठोके कमी. मी फोन करायला बसलो. पण आखातीज म्हणजे माळव्यात लग्नांचा पूर. या गावाचा जनरेटर त्या गावाला गेलेला, त्या गावाचा आणखी तिसरीकडे. जो तो हसून सांगायचा, "साब, आज के दिन?"

एक नाव उरलं होतं. ते मीही घेतलं नाही, विशूनेही नाही. खाली सुनंदा चैत्रगौरीच्या शेवटच्या हळदीकुंकवाची डाळ वाटत होती. तिने तिथूनच घेतलं. "तिवारीकडे विचारा की. भांडण तुमचं आहे, जनरेटरचं नाही."

"मरून जाईन काकू, पण त्याच्या दारात नाही जाणार."

"मर हो. आधी पन्हं पिऊन घे."

विशूने माझ्याकडे पाहिलं. मी फोन करावा अशी त्याची इच्छा होती. मी म्हटलं, "मी नाही करणार. आल्बम एकट्याचा आहे ना? मग मागायलाही एकट्यानेच जा." आणि स्कूटरची चाबी टेबलावर ठेवली.

तो पन्हं न पिताच गेला. मी वर बसून टेप पुढे-मागे करत राहिलो. शेठजींचा मुक्काम स्टेशनसमोरच्या हॉटेलात होता आणि ते दर्शनाला निघाले हे कळलं होतं. लाइन मोठी असू दे असं मी महाकालाला मनातल्या मनात सांगितलं. भक्ताने असं मागू नये, पण मागितलं.

मग मागच्या गल्लीत टेंपोची घरघर ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर टेंपोत जनरेटर आणि जनरेटरवर बसलेला तिवारी. मागून स्कूटरवर विशू. देवास गेटला दोघांत काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही मी विचारलं नाही.

"राम राम चिटणीस साब," तिवारी खालूनच ओरडला. विशूकडे तो बघतही नव्हता. "किधर लगाना है? दोपेर से पेले निकलना है मेरे को, नागझिरी की बरात में देना है ये."

जनरेटर गल्लीतच ठेवला, आवाज वर येऊ नये म्हणून भिंतीच्या आड. लांब वायर खिडकीतून आत घेतली. पण त्या इंजिनाचं वय झालं होतं. रेस एका जागी ठेवली तरी ते दमेकऱ्यासारखं वर-खाली व्हायचं. सतत कुणीतरी हात ठेवून सांभाळायला हवं होतं आणि सांभाळायला आत काय वाजतंय ते ऐकू यायला हवं होतं. मी माझा मोठा हेडफोन लांब वायरीने खाली सोडला. तिवारीने तो कानांवर चढवला.

टेप सुरू केली. तिवारीने रेस कमी केली, थोडी वाढवली, डोळे मिटले. त्याचा गळा हलताना मला वरून दिसत होता. त्या गाण्याचा सूर त्याच्या गळ्यात होता. पेटीची त्याला गरज नव्हती. मी तरी पेटीची पांढरी तीन दाबली. टेप आणि पेटी एक झाली.

विशूने शेवटची तार चढवली. मी लाल बल्ब लावला आणि चौथी पट्टी उघडली.

पहिल्या खेपेला विशूचाच हात घसरला. दुसऱ्या खेपेला इंजिन उचकी लागल्यासारखं अडखळलं आणि तिघंही थांबलो. तिवारीने टाकीला एक लाथ घातली. तिसऱ्यांदा टेप मागे घेत होतो तेवढ्यात पुढच्या दारात मोटार थांबली. देवळात कुणा ओळखीच्या पंड्याने शेठजींना लाइन मोडून आत सोडलं होतं. महाकालाने माझं ऐकलं नव्हतं. जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि पाठोपाठ सुनंदाचा. "ऊपर लाल बत्ती जल रही है सेठजी. अभी तो साक्षात् महाकाल आए तो भी नीचे बैठेंगे. आप डाल खाओ." हळदीकुंकवाला लवकर आलेल्या बायकांच्या मधोमध मुंबईचे शेठजी आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन बसले.

विशूने सुरुवात केली. मी या खोलीत पुष्कळ ऐकलं होतं, पण त्या दिवशी गिटार वाजत नव्हती, बोलत होती. आधी ती तिवारीसारखीच गायली, त्याच्या सगळ्या जागा घेत. मग कडव्याच्या मध्यावर तिने वाट सोडली आणि तिवारी जिथे कधी गेला नव्हता तिथे गेली. विशूने पहिली तार खेचून सूर वर नेला आणि तिथेच धरला. तीच ती शेवटची तार. आणि नेमकं तेव्हा इंजिन बसायला लागलं.

सूर खाली येत होता. मी खिडकीतून पाहिलं. तिवारीने दुसरा हातही रेसवर नेला होता. रेस एकदम पिळली असती तर इंजिन उसळलं असतं आणि सगळं गेलं असतं. त्याने ती पिळली नाही. तो ती केसाएवढी केसाएवढी वाढवत होता, ओठ घट्ट मिटून. इकडे विशूने खेचलेली तार थोडी सैल केली, टेप उतरत होती तितकीच, आणि टेप वर यायला लागली तशी पुन्हा ताणली. एक वर, एक खाली गल्लीत, दोघांमध्ये भिंत. कुणाला कुणी दिसत नव्हतं. मी मशीनवरच्या आवाजाच्या काट्याकडे बघत होतो. सूर तुटला नाही. तार तुटली नाही. रचना संपली आणि मी मशीन बंद केलं.

शेठजी वर आले. मी तिवारीला खूण केली, जनरेटर चालू ठेव. चारही पट्ट्या एकत्र लावल्या. आणि तो बसलेला सूर? तो सरळ वाजला. टेप आणि तार बरोबरच उतरली होती, बरोबरच चढली होती, त्यामुळे टेपवर काहीच उरलं नव्हतं. तिथे काय झालं ते ऐकणाऱ्याला कधीच कळणार नव्हतं.

शेठजींनी अर्धं ऐकून टेप थांबवायला लावली आणि विचारलं, "अच्छा है. गाना कब शुरू होगा?"

"गाना नाहीये सेठजी," विशू म्हणाला. "गिटार हीच गाना है."

"देखो बेटा, तुम्हारी पहलीवाली चीज़ें भी सुनीं. अच्छी हैं. पर बिकता गला है. ये धुन में दम है, इस पर किसी से गवा दो. आज का दिन है, मैं अभी नारियल फोड़ देता हूँ."

जनरेटरच्या तेलाचं सांगायला तिवारी तेवढ्यात वर आला होता, हेडफोन गळ्यात. तो दारातच थांबला. शेठजींचा ड्रायव्हर इंदूरचा, तो मागून म्हणाला, "सेठजी, ये तो वो ई है. ये गाना येई गाता था."

शेठजींचा चेहरा उजळला. "लो! गानेवाला भी यहीं खड़ा है. गवाओ."

मी म्हटलं, "जागा नाही. चारही ट्रॅक भरलेत. गला भरायचा तर गिटार पुसावी लागेल." हिंदीत पुन्हा सांगितलं.

"तो पोंछ दो. गिटार बाद में कहीं डाल लेना."

विशू गिटारच्या त्या एका तारेवर अंगठा फिरवत होता. थंडीभरचं 'पुन्हा, पुन्हा' माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मग तो म्हणाला, अगदी हळू, "पुसा काका."

"विशू."

"पुसा. निघू तर द्या बाहेर एकदा. काही तरी निघू द्या."

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली. पण टेप त्याची होती. मी टेप सुरुवातीला आणली आणि चौथ्या पट्टीच्या बटणावर बोट ठेवलं. दाबलं की संपलं.

"नी साब." तिवारी पुढे आला होता. त्याने माझा हात धरला नाही, नुसता मशीनवर आपला तळवा ठेवला. "नी सेठजी. अपन नी गाएँगे."

"अरे, तेरा फायदा है इसमें."

"मालूम है. पर इसमें जगे नी है. नीचे खड़े-खड़े पूरा सुना मैंने. जिधर मेरे को गाना था, उधर ये गा चुका है." मग पहिल्यांदा तो विशूकडे वळला. "इत्ते साल अपन समझते थे ये गाना अपना है. तेरा निकला, यार."

विशूने मान वर केली नाही. गिटारवर टपटप थेंब पडलेले मला दिसले. मी बटणावरचं बोट काढलं.

शेठजी वाईट माणूस नव्हते. उठताना म्हणाले, "आप लोग कलाकार हो, हम दुकानदार." आणि सुनंदाच्या डाळीची तारीफ करून गाडीत बसले. महाकालाहून आणलेला नारळ टेबलावरच राहिला.

मी ती रचना जनरेटरवरच कॅसेटवर उतरवून घेतली. तोवर तिवारी खाली रेसवर उभा राहिला, बरातीला उशीर होत असताना. काम झाल्यावर विशू नारळ घेऊन गल्लीत गेला आणि त्याच्यापुढे धरला. तिवारीने तो जनरेटरच्या लोखंडी चौकटीवर आपटून फोडला. "मुहूर्त तो मुहूर्त है भिया," म्हणाला, एक वाटी विशूच्या हातात दिली आणि टेंपोत चढला. मुंबईच्या आल्बमचा नाही झाला, पण एका आल्बमचा मुहूर्त त्या दिवशी झाला खरा.

आल्बम पुढे इंदूरच्या एका छोट्या कंपनीने काढला. फार खपला नाही. वाण्याच्या दुकानात साबणाशेजारी त्याच्या कॅसेटी बरेच दिवस ऊन खात पडलेल्या मी पाहिल्या आणि दर वेळी जीव तुटला. विशू मुंबईला गेला. तिथे तो दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवतो. कव्हरवर नाव येत नाही, पण काम चांगलं चाललं आहे. दिवाळीला न चुकता फोन करतो. दुसरा एकट्याचा आल्बम त्याने केला नाही. का, ते मी विचारत नाही. माझं मशीन मोडीत गेलं, स्टुडिओत आता नातवाचा कॉम्प्युटर असतो, आणि विजेच्या ठोक्यांशी कुणाला काही देणंघेणं राहिलेलं नाही.

तिवारी मात्र उज्जैनमध्येच. टेंट हाउस आता तोच बघतो आणि लग्नांत गात नाही. या गावातल्या कुठल्याही लग्नाला त्याचा मांडव असेल तर थोडं लवकर जावं. खुर्च्या मांडल्या जात असतात, हलवाई कढया चढवत असतो, आणि स्पीकर नीट वाजतात की नाही हे बघायला तिवारी एक कॅसेट लावतो, हल्ली पेन ड्राइव्ह. वर्षानुवर्षं तीच रचना, विशूची शेवटची. बरातीत वाजवणार नाही म्हणून जो बँड सोडून गेला, त्याची गिटार माळव्यातल्या प्रत्येक बरातीच्या आधी वाजते. मी लवकर जातो आणि मागच्या खुर्चीवर बसतो. तिवारी मला हात करतो आणि स्पीकरसमोर जाऊन उभा राहतो. तो खेचलेला सूर येतो, वर जातो, तिथे थांबतो, अगदी सरळ, कुठेही न हलता. आणि दर वेळी मी बघतो, त्या सुरावर तिवारीची उजवी मूठ मिटते आणि केसाएवढी केसाएवढी वळत राहते, सूर संपेपर्यंत.